माणशी किती

त्या डॉक्टरांबरोबर लोणावळ्याच्या बाजारातून चालायची मला लाज वाटे. ऐन उन्हाळ्यातसुद्धा अंगात जाड कोट, काखेत पत्र्याची पेटी, पेटीत पितळी तागडी आणि वजनं. चालताना ती सगळी खणाखणा वाजत. लोक त्यांना 'तागडीवाला डाक्तर' म्हणत, आणि पोरं तर लांबूनच "तागडी आली, तागडी आली" असं ओरडत सुटत. मागून मी. डोक्यावर पदर, हातात छत्री आणि चेहऱ्यावर, आपली यांची काही ओळख नाही, असा भाव. त्याचा काडीचा उपयोग होत नसे. चार पावलं गेली की ते वळून भर रस्त्यात मोठ्यांदा विचारत, "बाई, त्या कोपऱ्यावरच्या आजींनी सकाळी काय खाल्लं असेल हो?"

त्यांना एक खोड होती. बसलेला माणूस उठताना गुडघ्यावर हात टेकून उठला, की हे तडक जाऊन त्याच्या नडगीवर बोटाने टकटक ठोकत. "दुखतं का इथे?" पुरुषांच्याच नडगीवर ठोकावं एवढं भान त्यांना होतं, बायकांच्या नडग्या माझ्याकडे होत्या. एकदा स्टेशनावर बाकावरून उठणाऱ्या एका गार्डाला त्यांनी असं गाठलं. गार्ड कळवळून म्हणाला, "दुखतंय!" डॉक्टर हरखले. मग गार्डाने सांगितलं की आत्ता तुम्ही मारलंत म्हणून दुखतंय. तेवढ्यात गाडीची वेळ झाली म्हणून बरं, नाहीतर प्रकरण हातघाईवर गेलं असतं. मी तेव्हा पाण्याच्या नळामागे जाऊन उभी राहिले होते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. मी लोणावळ्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. लहानपणीच कुंकू पुसलं गेलं, मग पुण्याला शिकले आणि मास्तरीण झाले. डॉक्टर पुण्याहून आले होते. कुठल्याशा संस्थेने त्यांना मावळातल्या घराघरातलं अन्न मोजायला पाठवलं होतं. पण चुलीपाशी परका पुरुष कोण जाऊ देणार? म्हणून शाळेला सुट्टी असेल तेव्हा मी बरोबर जावं, असं ठरलं. मी आत जाऊन भांडी तोलायची, ते बाहेर पडवीत बसून आकडे मांडायचे.

मोजायचं होतं ते 'ड' जीवनसत्त्व. ते मिळालं नाही तर हाडं मऊ पडतात, बाईचं कमरेचं हाड आवळतं आणि बाळंतपणात मूल अडतं. अशा अडलेल्या बायका डॉक्टरांनी दवाखान्यात फार पाहिल्या होत्या. त्याबद्दल ते बोलत नसत. एकदाच म्हणाले, "बाई, त्या दारातून आत येताना चालण्यावरूनच मला कळायचं. आणि तोवर उशीर झालेला असायचा."

हे जीवनसत्त्व अंड्यात, लोण्या-तुपात, माशात थोडं थोडं सापडतं, असं मी पहिल्याच दिवशी तुंगार्लीच्या एका म्हातारीला समजावून सांगितलं. "आणि उन्हात तर भरपूर," मी म्हणाले.

"उनात?" म्हातारी हसायलाच लागली. "मंग आमी ड मंदीच राबतोय की जलमभर! त्येला मोजायला पुन्याचा डाक्तर कशाला?"

बाहेरून डॉक्टर ओरडले, "बरोबर बोलतात त्या! त्यांचं घर सोडा. ज्या घरातली बाई उन्हाला दिसत नाही, ती घरं मला दाखवा. ऊन मला तोलता येत नाही. ताट तोलता येतं."

ऊन तोलता येत नसलं तरी खात मात्र ते पुष्कळ. तुंगार्लीला एका बंगल्याच्या आउटहाउसमध्ये त्यांनी खोली घेतली होती. रोज सकाळी पायरीवर कोट आणि सदरा काढून बसत. बंगल्यात हवापालटाला आलेल्या मंडळींनी तक्रार केली, तर त्यांनाच बोलावून म्हणाले, "तुम्हीही बसा." एकटा जीव. स्वतःचं अन्नही तोलूनच खात आणि तेही उभ्या उभ्या. जेवायला कुणी बोलावलं तर जात, पण यजमानीण वाढायला लागली की खिशातून छोटा तराजू काढत. दुसऱ्यांदा त्यांना कुणी बोलवत नसे.

आमच्या बायकांचं आणि त्यांचं भांडण एका शब्दावरून होई. मी विचारायचे, "किती खाता?" बाई म्हणायची, "पोटभर." मी बाहेर येऊन सांगायचे, "पोटभर." आणि डॉक्टर चिडायचे. "पोटभर म्हणजे किती तोळे?" मी पुन्हा आत. "अवं मास्तरीनबाई, प्वॉट भरंस्तवर म्हंजी पोटभर. तेला का तोळं आसत्यात?" मी पुन्हा बाहेर. शेवटी मी डॉक्टरांच्याच बाजूची झाले होते. या बायका धड उत्तर का देत नाहीत, म्हणून मला त्यांचाच राग यायचा. पोटभर हा शब्द शिकलेल्या माणसाने वापरू नये, असं माझं मत झालं होतं.

त्यात आमच्याकडची रीत अशी, की आल्यागेल्याने आपलं रिकामं भांडं पाहू नये. डॉक्टर येणार असं कळलं की त्या दिवशी त्या आळीत प्रत्येक घरी तूप असायचं, दूध असायचं, अंडी असायची. मला कळत होतं. पण मीही इथलीच. कुणाचं झाकलेलं कशाला उघडं करा? तोललेलं अंडं पुन्हा तोललं जाऊ नये म्हणून डॉक्टर त्यावर निळ्या पेन्सिलीने फुली मारायला लावत. एकदा एका आळीतल्या शेवटच्या घरी मी टोपलीतलं अंडं उचललं, तर त्यावर आधीच निळी फुली. दुसरं उचललं, त्यावरही फुली. घरची बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कान लाल झाले होते तिचे. मी ती दोन्ही अंडी बाहेर नेऊन डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली. मग हळू आवाजात म्हणाले, "नीट ठेवून द्या. आणि आपण पाहिलं नाही असं करा." रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "बाई, आज एका कोंबडीने अख्खी आळी जेवू घातली." हसले नाहीत. त्यानंतर ते न सांगता जाऊ लागले.

त्यावर मी ऐटीत म्हणाले, "आमच्या घरी या. वलवणला. आमच्याकडे मागून आणलेलं काही दिसणार नाही."

खरंच नव्हतं. वलवणच्या धरणापाशी आमचं घर. दारात म्हैस, परसात कोंबड्या, आबांची जमीन, दादाची रेल्वेतली नोकरी. आबा म्हणजे माझे वडील, गावातलं वजनदार माणूस. त्यांना खुपणारी गोष्ट एकच होती. त्यांची लेक घराबाहेर पडून चारचौघांत नोकरी करत होती. लोक तोंडावर बोलत नसत, पण बोलत. त्याची भरपाई आबांनी दुसऱ्या बाजूने केली. दादाचं लग्न झालं तसं त्यांनी सांगून टाकलं, "लेक भायेर ग्येली ती ग्येली. सुनंचा पदर कुनाला दिसाया नगं."

वहिनी शेतकऱ्याची पोर, लावणीला चिखलात उभी राहणारी. आमच्या घरी आल्यावर तिला शेत बंद झालं, पाणवठा बंद झाला, पुढे परसदारही संध्याकाळनंतरच. 'आमच्या सुनेला बाहेर जावं लागत नाही,' हे आई कौतुकाने सांगे. आणि आमच्याकडे चार महिने पावसात एरवीही सूर्य दिसत नाही. मी उन्हात गेले म्हणून ती अंधारात गेली. हे मी आज लिहितेय. तेव्हा मला हे दिसलंसुद्धा नव्हतं.

वहिनीचं पहिलं मूल अडून गेलं होतं. त्यानंतर तिचं चालणं बदललं. डुलत डुलत चाले, उठताना भिंत धरी. आई म्हणे, "बसून बसून आळसावलीया." आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

डॉक्टर आले. मी आमच्या घरचं सगळं तोललं. दूध, तूप, अंडी, सुकट, सगळं भरपूर. डॉक्टरांनी पडवीत बसून बेरीज केली, घरातल्या पाच माणसांनी भागली आणि म्हणाले, "वा! माणशी एवढं तर पुण्यातसुद्धा मिळत नाही." आबांनी मिशीवरून हात फिरवला. मला कोण अभिमान वाटला.

थंडीत पुण्याहून माशाच्या तेलाच्या मोजक्या बाटल्या आल्या. ज्या घरी माणशी सगळ्यात कमी, तिथल्या गरोदर बाईला त्या द्यायच्या होत्या. मी एक वहिनीसाठी मागितली. डॉक्टरांनी स्वच्छ नाही म्हटलं.

"बाई, तुमच्या घरचा आकडा सगळ्यात वरचा. तुम्हाला दिली तर ती दुसऱ्या एखादीच्या तोंडातली काढून द्यावी लागेल. कुणाच्या काढू, सांगा."

आकडा मीच तोलून दिलेला होता.

पण त्यांच्या मनात ते राहिलं असावं. थंडीतलं दुसरं तोलणं करायला आमच्याकडे आले तेव्हा पडवीत बसून आबांना समजावू लागले, "सूनबाईंचं दुखणं अन्नाचं नसणार. तुमच्याकडे माणशी भरपूर आहे. दुसरं काही तरी शोधायला हवं." आबा मान डोलावत होते. मी दाराच्या उंबऱ्यावर होते, आणि वहिनी माझ्या मागे, दाराआड. तिने माझा पदर ओढला.

"वन्सं," ती म्हणाली, "माणशी म्हंजी काय वो?"

कुजबुजायला गेली असेल, पण पडवी शांत होती. सगळ्यांना ऐकू आलं.

"माणशी म्हणजे," मी शाळेतल्यासारखं सांगितलं, "घरातल्या दर माणसाला सारखं."

वहिनीने पदर आणखी ओढला.

"मंग त्यात मला धरलंय व्हय? मला धरू नगा म्हनावं. हिशेब चुकंल त्येंचा."

डॉक्टरांच्या हातातली पेन्सिल थांबली. आबांनी मान खाली घातली. आतून आईने भांडं आपटलं. आणि मला एकदम आमची पंगत दिसली. आधी आबा आणि दादा, आणि त्यांच्या शेजारी, कमावती म्हणून मान असलेली, मी. मग आई. आणि सगळ्यांचं उरकल्यावर, चूल सारवून झाल्यावर, दादाच्या उष्ट्या ताटात वहिनी. हे मी रोज पाहत होते. वर्षभर गावोगाव भांडी तोलली, दर घरी माणसांनी भागायला आकडे दिले, आणि हे डॉक्टरांना सांगावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं.

"त्या कधी जेवतात?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"शेवटी."

"काय जेवतात?"

"उरेल ते," मी म्हणाले.

ते उठले नाहीत. "त्यांचं जेवण होईपर्यंत मी बसतो," म्हणाले. त्या दिवशी आमच्याकडे कुणाचंच जेवणाकडे लक्ष नव्हतं, पण सवयीने सगळं संपलं मात्र. शेवटी मी वहिनीचं ताट उचलून बाहेर तागडीपाशी आणलं. अर्धी भाकरी, मिरचीचा ठेचा, आमटीच्या भांड्याचं खरवडलेलं बूड. तुपाची वाटी रिकामी होती. ती भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतलेली होती. डॉक्टरांनी कोष्टक काढलं, बघितलं, आणि मिटून ठेवलं. त्या ताटात त्यांच्या 'ड'चा मागमूस नव्हता.

ताट मी आत नेऊन दिलं. परत आले तर ते कोटाच्या बाहीने चष्मा पुसत होते. "वर्षभर मी घरं मोजली, बाई," म्हणाले. "सगळं पहिल्यापासून करायला हवं." आणि पेटीतून एक बाटली काढून त्यांनी उंबऱ्यावर ठेवली.

आई तेवढ्यात म्हणालीच, "ताकदीचं हाय तर दादाला द्या की. राबतोय त्यो."

तेव्हापासून डॉक्टरांचं नवं वेड सुरू झालं. रोज सकाळी ते तुंगार्लीहून वलवणला चालत येत, आमच्या अंगणात उन्हात उभे राहत आणि दाराकडे तोंड करून ओरडत, "झालं?" चमचा घेतला का, असा त्याचा अर्थ. परपुरुषाला वहिनीने तोंडाने उत्तर द्यायचं नाही. ती दाराआडून बांगड्या वाजवी. बांगड्या वाजल्या की डॉक्टर "छान" म्हणून परत फिरत. गाव हसत होतं. आबा मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. मी शाळेला निघायची वेळ पुढेमागे करून त्यांना चुकवत असे. कुणी म्हणे, डाक्तराला देवाऐवजी बांगड्यांचं दर्शन लागतं. त्यांच्या कानावर हे जाई की नाही कोण जाणे. ते येत राहिले. वहिनीला तासभर परसात उन्हात बसू द्या, म्हणून त्यांनी आबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. आबा नाहीच म्हणाले.

दिवस भरत आले तेव्हा मात्र डॉक्टरांनी कुणाचं ऐकलं नाही. दादाला गाठलं, पहिल्या मुलाची आठवण करून दिली आणि वहिनीला आगगाडीने पुण्याच्या इस्पितळात नेलं. पोट फाडून मूल काढावं लागलं. मुलगा झाला. दोघं वाचली. वहिनीची कंबर कायमची वाकडी राहिली ती राहिलीच.

नातू झाला म्हणून आबांनी उशिराने का होईना, थाटाचं बारसं केलं. अख्खं वलवण जेवायला. अंगणात पुरुषांची पंगत बसली, पत्रावळी मांडल्या, खीर वाढली. पहिलं पान डॉक्टरांचं. आणि ते बसेनात.

"आधी त्या जेवू देत," म्हणाले.

"कोन त्या?" आबांनी विचारलं.

"ज्यांना मूल झालं त्या."

पंगतीत कुजबुज झाली. पाहुणा बसल्याशिवाय कुणी घास घेईना. भात निवायला लागला. म्हातारी माणसं चुळबुळत होती, कुणी तरी खोकलं, कुणी तरी फिस्सकन हसलं. आबांचा चेहरा मला बघवेना. शेवटी ते उठून सैपाकघराच्या दारापाशी आले. सुनेशी ते आजवर एक शब्द बोलले नव्हते. आत न बघताच म्हणाले, "सुनबाई, जेवून घ्या."

आतली सगळी गर्दी थबकली. कुणी तरी वहिनीपुढे पत्रावळ टाकली. ती बसली. वाढायला कुणालाच सुचेना. पुरुषांच्या आधी सुनेला वाढायची रीत कुणाला ठाऊक होती? आईच्या हातात पळी होती, ती तशीच. थोड्या वेळाने अंगणातून आवाज आला, "झालं?"

वहिनीने रिकाम्या पत्रावळीवर हात धरला आणि बांगड्या वाजवल्या.

"छान," डॉक्टर म्हणाले, आणि पानावर बसले. पंगत जेवायला लागली. आईने पळी उचलली, आमटी बाहेर गेली.

मी वहिनीपाशी जाऊन बसले. तिनेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आसू द्या वो वन्सं. सकाळच्यानं उनातनं चालत आल्यात. त्येंनला भूक न्हाई का लागत?"

"आणि रोज सकाळी," मी विचारलं, "तेलाच्या वेळी वाजवायचीस, ती?"

तिने पदराने तोंड पुसलं. "कवा कवा प्यायचे की."

"आणि कधी कधी?"

"आत्याबाई ह्येंच्या दुदात घालायच्या. सांगू नगा त्येंनला. रोज यायचे बिचारे."

मी त्या दिवशी शेवटी जेवले, वहिनीच्या शेजारी. खीर संपली होती. भाताची खरपुडी होती आणि आमटीच्या पातेल्याचं बूड. ते बूड आजवर मी कितीदा तरी तागडीत घातलं होतं, खाल्लं कधी नव्हतं. खारट लागतं. सगळं मीठ खाली बसलेलं असतं.

डॉक्टर निरोप घ्यायला मागच्या दारी आले. पान खाल्लेलं, काखेत पेटी, कोटावर खिरीचा डाग. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"जेवल्या ना त्या?" त्यांनी विचारलं.

वहिनी माझ्या मागे होती. तिने माझा पदर घट्ट धरला होता.

"हो," मी म्हणाले. "पोटभर."

ते मान डोलावत निघून गेले. पोटभर म्हणजे किती तोळे, ते त्यांनी विचारलं नाही.